क्रॉसबो: फील्ड पॉइंट एका जागी, ब्रॉडहेड मात्र विखुरलेले. दोष बोल्टचा की स्कोपचा?

अलेघेनी_पार

नमस्कार मंडळी. मुक्काम पेनसिल्व्हेनिया. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथला व्हाइटटेल हरणांचा आर्चरी सीझन उघडतो, म्हणजे हातात साधारण पाच आठवडे आहेत.

क्रॉसबो (बंदुकीसारखा दस्ता आणि ट्रिगर असलेलं आडवं धनुष्य) कंपाउंड प्रकारचा, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेला, माहितीपत्रकावर वेग ३८० फूट प्रतिसेकंद. बोल्ट (क्रॉसबोचे आखूड बाण) २० इंची कार्बनचे, तीन व्हेन (मागची पिसं), हाफ-मून नॉक (दोरी बसायची अर्धचंद्राकृती खाच असलेलं मागचं टोक). १०० ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाची साधी टोकं, लावून ३० यार्डांवरून सहाही बोल्ट दोन इंचांच्या आत लागतात. त्याच सहा बोल्टना १०० ग्रेनचे तीन पात्यांचे फिक्स्ड ब्रॉडहेड (शिकारीची, पाती कायम उघडी असलेली टोकं) लावले (काप सव्वा इंचाचा) की चार बोल्ट खाली-उजवीकडे साधारण तीन इंचांवर, पण एकत्र पडतात. उरलेले दोन, क्रमांक ३ आणि ५, डावीकडे सहा-सात इंच भरकटतात. तीन फेऱ्या घेतल्या, चित्र तेच.

स्कोप दोनदा हलवून पाहिला, उपयोग नाही. आता प्रश्न असे: फिक्स्ड सोडून मेकॅनिकल ब्रॉडहेड (आघातावर पाती उघडणारे) घ्यावेत का? ब्रॉडहेडची पाती व्हेनच्या रेषेत बसवायची असतात हे खरं का? आणि सुरुवात नेमकी कुठून करायची?

रानवाट

स्कोपला आता हात लावू नका. बोल्टांचा पुंजका कुठे पडावा एवढंच स्कोपच्या हातात असतं. पुंजका बांधणं हे बोल्टचं काम. तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न एकत्र आलेत. चार बोल्ट एकत्र पण सरकलेले, हा एक. दोन बोल्ट भलतीकडे, हा दुसरा. आधी दुसरा सोडवायचा, नाहीतर पहिल्याचं माप घेता येत नाही.

फील्ड पॉइंटला हवेत धरायला काही नसतं, त्यामुळे तो बोल्टचे दोष झाकतो. फिक्स्ड ब्रॉडहेड म्हणजे बोल्टच्या तोंडाशी बसवलेले तीन पंख. बोल्ट दोरीवरून निघताना अंशभर जरी तिरका असला तरी ते पंख त्याला त्याच दिशेला ओढतात आणि मागच्या व्हेनना त्यांच्याशी झगडून तो सरळ करावा लागतो. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. त्यात बोल्ट आखूड, म्हणजे व्हेन आणि तोल-बिंदू यांमधला दांडा लहान, आणि व्हेनना तरफ कमी मिळते. म्हणून साध्या धनुष्यावर चालून जाणारी चूक क्रॉसबोवर ३० यार्डांतच दिसते.

आता ३ आणि ५ क्रमांकांकडे वळा. स्पिन टेस्टर म्हणजे चार छोट्या चाकांची घोडी, त्यावर बोल्ट ठेवून ब्रॉडहेडसकट फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक जागच्या जागी टिंबासारखं फिरलं पाहिजे. ते बारीकसं वर्तुळ काढत असेल तर दोष तिथेच आहे. मग कारण शोधायला ब्रॉडहेड अदलाबदल करा: १ नंबरचा हेड ३ वर, ३ चा हेड १ वर. डगमग हेडबरोबर गेली तर फेरूल, म्हणजे हेडचा मधला दांडा, वाकलाय, तो हेड बाजूला काढा. डगमग बोल्टकडेच राहिली तर इन्सर्ट (बोल्टच्या तोंडात चिकटवलेला, हेड ज्यात फिरवून बसतो तो तुकडा) काटकोनात नाही किंवा शाफ्टच, म्हणजे बोल्टची नळीच, वाकडी आहे. शाफ्टची सरळता ०.००१, ०.००३ किंवा ०.००६ इंच अशी विकली जाते. ०.००६ वाले सरावाला ठीक, फिक्स्ड ब्रॉडहेडला नाहीत.

इन्सर्टचा दोष असेल तर तो घरी निघतो. इन्सर्टच्या तोंडावर काळ्या मार्करने शाई लावा, बोल्ट स्क्वेअरिंग टूलवर (तोंड काटकोनात घासायचं साधन) ठेवा आणि हलक्या हाताने फिरवा. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत शाई फक्त एका बाजूची जाईल, तीच उंच बाजू. सगळी शाई निघेपर्यंत फिरवायचं आणि तिथेच थांबायचं. जोर लावून घासलं तर ॲल्युमिनियमला नवा उतार पडतो. इन्सर्ट मुळातच तिरका चिकटला असेल तर तो काढून पुन्हा बसवावा लागेल. हॉट-मेल्ट गोंद असेल तर फील्ड पॉइंट आत फिरवून ठेवा आणि त्या पॉइंटला ऊब द्या, कार्बनला ज्योत कधीही नाही. कार्बनचे थर राळेने बांधलेले असतात, ती तापली की शाफ्ट आतून सुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इपॉक्सीने चिकटवायचं असेल तर आधी शाफ्टच्या आतली धूळ रबिंग अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि २४ तास हात लावू नका.

पाती आणि व्हेन एका रेषेत हवीत, ही समजूत फार पसरली आहे. त्याची गरज नाही. बोल्ट फिरत जातो, पाती कुठल्या कोनात आहेत याने फरक पडत नाही. हेड घट्ट, सरळ आणि प्रत्येक वेळी तसाच बसला पाहिजे, बस.

आणि दोन आकडे कळवा, त्याशिवाय पुढे बोलणं अंदाजपंचे होईल: ब्रॉडहेडसकट प्रत्येक बोल्टचं वजन ग्रेनमध्ये, आणि एका बोल्टचा तोल-बिंदू नॉकच्या खाचेपासून किती इंचांवर येतो ते.

मोजपट्टी

रानवाट यांनी बोल्टचं सांगितलं, मी नॉक आणि बोचं सांगतो. माझ्या मते फिरवून बघण्याआधी नॉक बघायला हवा.

हाफ-मून नॉकची खाच दोरीला समांतरच बसली पाहिजे, आणि ती तेव्हाच बसते जेव्हा वेगळ्या रंगाची व्हेन रेलच्या (बोल्ट ज्यावर ठेवतात ती लांब पट्टी) खोबणीत खाली जाते. नॉक दहा-पंधरा अंश फिरलेला असेल तर दोरी खाचेच्या कडेवर बसते आणि सुटताना बोल्टला एका बाजूने धक्का देते. फील्ड पॉइंट हेही झाकतो. फार फिरलेला असेल तर दोरी बोल्टच्या वरून किंवा खालून निसटू शकते. तो ड्राय-फायर झाला, म्हणजे दोरी बोल्टविना सुटली: लिंब (धनुष्याचे बाहू) फुटतात, कॅम वाकतात, माणूस जखमी होतो. म्हणून सहाही बोल्ट टेबलावर ओळीने ठेवून नॉक डोळ्यांनी जुळवून बघा. शिवाय बोच्या पुस्तिकेत जो नॉक सांगितलाय तोच लावा. फ्लॅट नॉक, हाफ-मून, दोरीला चिमटणारा क्लिप नॉक, हे आपापसांत बदलायचे नसतात.

आता बो. दोरी प्रत्येक वेळी मधोमध ओढली जाते का? बो उतरलेला असताना दोरीवर रेलच्या दोन्ही कडांना मार्करने खूण करा. ओढल्यावर दोन्ही खुणा ट्रिगर बॉक्सपासून सारख्या अंतरावर हव्यात. हाताने ओढत असाल तर आजच बंद करा, दोरीचा कॉकिंग एड वापरा. एक बाजू जराशी जास्त ओढली गेली की सगळा पुंजका आडवा सरकतो. तुमचे चार बोल्ट उजवीकडे जातात त्यामागे हेही असू शकेल.

मग कॅमच्या खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत ना, सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला संरक्षक दोरा) कुठे सुटलेलं किंवा पसरलेलं नाही ना, स्कोपच्या रिंगचे स्क्रू ढिले नाहीत ना. रेलवर वंगणाचा अगदी पातळ हात, पुस्तिकेत जितक्या शॉटनंतर सांगितलाय तितक्यानंतर. थेंब जास्त झाला तर वंगण ट्रिगरमध्ये उतरतं आणि थंडीत घट्ट होतं.

एक गोष्ट हमखास निसटते: बोल्ट धरून ठेवणारी पट्टी किंवा स्प्रिंग. ती वरच्या दोन व्हेनच्या मधोमध बसायला हवी. व्हेनवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे मारून एक शॉट घ्या. पावडर जिथे पुसली गेली तिथे घासतंय.

साताऱ्याचा_नेम

मी कंपाउंडवर टार्गेट आर्चरी करतो, क्रॉसबो कधी हाताळलेला नाही. आमच्याकडे असा फरक दिसला तर ॲरो-रेस्ट (बाण टेकवायचा आधार) केसभर सरकवतो आणि बेअर शाफ्ट (पिसं नसलेला बाण) मारून बघतो. इथे तसं का करत नाही?

मोजपट्टी

कारण सरकवायला रेस्ट नसतोच. बोल्ट रेलच्या खोबणीत बसतो, त्याची दिशा कारखान्यातच ठरलेली. बो-कडून बदलता येणाऱ्या गोष्टी म्हणजे दोरीचा मध्य, कॅमची वेळ आणि कॅमचा कल. यातल्या शेवटच्या दोन प्रेस (लिंब दाबून दोरी सैल करायचं यंत्र) असलेल्या दुकानातच करायच्या. घरी बो-प्रेस नसताना क्रॉसबोची केबल कोणी उघडू नये. व्हेन नसलेला बोल्टही मारायचा नाही, व्हेनवरच तो खोबणीत सरळ बसतो आणि नसली तर नॉकची दिशाही राहत नाही. थोडक्यात, तुमच्याकडे बो बाणाला जुळवतात, इथे बाण बोला जुळवावा लागतो.

(आणि भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी: आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, शिकार बंद. हा धागा अमेरिकेतल्या परवानाधारक सीझनपुरताच वाचावा.)

अलेघेनी_पार

सगळ्यांचे आभार. मोजमाप असं आहे.

ब्रॉडहेडसकट वजन, १ ते ६: ३८६, ३८५, ३८७, ३८६, ३८५, ३८६ ग्रेन. तोल-बिंदू १२.३ इंच. बोच्या पुस्तिकेत बोल्टचं किमान वजन ४०० ग्रेन लिहिलंय, हे आज वाचताना लक्षात आलं.

क्रमांक ३: घोडीवर टोक स्पष्ट वर्तुळ काढतंय, हेड बदलला तरी बोल्टकडेच राहतंय. क्रमांक ५: टोक स्थिर, पण नॉक बाकीच्यांच्या मानाने फिरलेला दिसतो.

रानवाट

वजनाच्या बाबतीत तुमचे बोल्ट एकसारखे आहेत, दोन ग्रेनांचा फरक म्हणजे उत्तमच. पण ३८६? या वजनाने आता एकही शॉट मारू नका. किमान ४०० चा आकडा सावधगिरीपुरता छापलेला नसतो. हलका बोल्ट बोची ऊर्जा पुरती उचलत नाही, उरलेली लिंब, कॅम आणि दोरीत परत जाते. दर शॉटला अर्धामुर्धा ड्राय-फायर होतो असं समजा.

उपाय सोपा आहे आणि तो तुमचा नेमही सुधारेल. १२५ ग्रेनचे हेड घ्या, आणि सरावाला फील्ड पॉइंटही १२५ चेच. एकूण वजन ४११ होईल. तोल किती पुढे येतो तेही बघा. हिशेब असा: तोल-बिंदूच्या अंतरातून शाफ्टच्या लांबीचा निम्मा भाग वजा करायचा, उरलेल्याला लांबीने भागून १०० ने गुणायचं. लांबी नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत धरायची, हेड सोडून. आत्ता १२.३ वजा १०, भागिले २०, म्हणजे साडेअकरा टक्के. पुढे २५ ग्रेन वाढले की तोल-बिंदू साधारण १२.८ इंचांवर येतो, म्हणजे १४ टक्के. फिक्स्ड हेडला मागच्या व्हेनची पकड मिळायला हे बरंच बरं.

वेग ३८० वरून ३६८ च्या आसपास उतरेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४० हे गणित मांडलं तर दोन्हीकडे जवळपास १२४ फूट-पौंड येतात, आणि जड बोल्टचा संवेग जास्त, तो बरगडीवर अडकला तरी पुढे जातो. सुरक्षितपणे जड बोल्ट हा क्रॉसबोवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे असं माझं ठाम मत आहे.

१२५ चे हेड घेताना काप मात्र सव्वा इंचावरून १ १/८ इंचावर आणा, हेडची लांबीही आखूड बघा. पंख लहान झाले की ओढही कमी. पेनसिल्व्हेनियात ब्रॉडहेडचा काप किमान ७/८ इंच लागतो आणि क्रॉसबोचं ड्रॉ-वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) किमान १२५ पौंड, तेव्हा नियमाची अडचण नाही.

३ नंबरला मार्करची युक्ती करा. टोक तरीही फिरत राहिलं तर शाफ्ट वाकडा आहे, त्याला सरावाचा बोल्ट करा.

मोजपट्टी

५ नंबरचा नॉक दाबून बसवलेला असेल तर नॉक प्लायरने फिरतो. गोंद असेल तर ओढाताण करू नका, शाफ्टचं तोंड चिरतं.

बरोबर बसवल्यानंतरही तो बोल्ट हट्टीपणा करत असेल तर व्हेन बदलून बघा. म्हणजे असं: नॉक १२० अंश फिरवायचा, आता दुसरी व्हेन खाली जाईल. तिच्यावर मार्करने खूण करा, नाहीतर घाईत जुन्याच रंगाची व्हेन खाली जाईल आणि नॉक आडवा. तिन्ही व्हेन आळीपाळीने खाली ठेवून तीन-तीन शॉट घ्या, जी जागा पुंजक्याजवळची ती कायम करा. कुठल्याही शाफ्टची एक बाजू जरा ताठ असते, तिची दिशा बदलली की वागणूक बदलते. आखूड बोल्टवर हा परिणाम लांब बाणाइतका मोठा नसतो, पण इंचभराचा फरक पडलेला दिसतो.

मारायची पद्धत: मेजावर वाळूची पिशवी, तिच्यावर फक्त पुढचा स्टॉक. लिंबांच्या आजूबाजूला हात-दीड हात मोकळं, लिंब कशालाही लागता कामा नयेत. अंगठा आणि बोटं रेलच्या खाली, प्रत्येक शॉटला, न चुकता. निशाणी थरांच्या फोमची. पिशवीचं टार्गेट ब्रॉडहेड फाडतो आणि बोल्ट आत गुंततो. प्रत्येक बोल्टला वेगळा ठिपका ठेवा, एकाच ठिपक्यावर मारत गेलात तर दुसरा बोल्ट पहिल्याचा नॉक फोडणार. शाफ्टवर आधी कोरडा साबण फिरवलात तर फोममधून सहज निघतो. आणि दर शॉटनंतर बोल्ट दोन हातांत धरून हलका वाकवा, पिळा, कानाशी न्या. कडकड आवाज आला तर तो बोल्ट मोडून टाका, ठेवून देऊ नका.

अलेघेनी_पार

दहा दिवसांनी परत आलोय. १२५ ग्रेन, १ १/८ इंच कापाचे हेड घेतले. ५ नंबरचा नॉक जुळवला, तो आता रांगेत आहे. ३ नंबर घासूनही फिरतच राहिला, सरावात टाकला. दोरी ओढताना खुणा खरंच एका बाजूला जात होत्या, कॉकिंग एड घेतल्यावर थांबल्या. आता पाच बोल्ट ३० यार्डांवर अडीच इंचांत, पण मधल्या ठिपक्यापासून तीन इंच खाली आणि एक इंच उजवीकडे. आता स्कोप?

रानवाट

आता स्कोप, बिनधास्त. स्कोपवर एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच असं लिहिलं असेल तर ३० यार्डांवर एक क्लिक ०.०७५ इंच. तीन इंच वर आणायला ४० क्लिक, एक इंच डावीकडे १३. लोक इथे चार-पाच क्लिक फिरवून स्कोप बिघडला म्हणतात. वर-खालीचं पूर्ण करा, तीन शॉट घ्या, मगच आडवं.

तुमचा स्कोप वेगाच्या कड्याचा (कडं फिरवून बोल्टच्या वेगाला जुळवायचा) असेल तर क्रम वेगळा: २० यार्डांवर क्लिकने शून्य करायचं, मग कडं ३६८ च्या जवळ ठेवून ४० यार्डांच्या रेषेने मारायचं. खाली लागलं तर कडं कमी वेगाकडे, वर लागलं तर जास्तीकडे. छापील वेगावर विसंबू नका, तो हलक्या बोल्टने मोजलेला असतो.

शून्य ब्रॉडहेडलाच करायचं. फील्ड पॉइंट मग इंचभर इकडेतिकडे लागले तर लागू देत, हरणावर फील्ड पॉइंट जाणार नाही.

मेकॅनिकलचं विचारलं होतंत. ते फील्ड पॉइंटसारखे उडतात हे खरं, पण पाती उघडायला आघातातली ऊर्जा खर्च होते, आणि धनुष्यासाठीचे हेड क्रॉसबोच्या वेगाला सुटतानाच उघडू शकतात. घ्यायचेच तर क्रॉसबोसाठी म्हणून विकले जाणारे, घट्ट कॉलरचे (पाती मिटून धरणारं कडं) घ्या, एक हेड फक्त सरावाला ठेवा, आणि कॉलर एकदा फुटली की नवीच लावा. पाच फिक्स्ड एवढे जवळ लागत असताना तुम्ही बदलावं असं मला वाटत नाही.

बोल्ट आणि हेडच्या जोड्यांना क्रमांक घाला, म्हणजे २ नंबरच्या बोल्टवर कायम २ नंबरचाच हेड. ज्या हेडने फोममध्ये सराव केलात त्याची पाती सीझनआधी बदला. ताणलेल्या रबरबँडवर नुसती टेकवली की तो तुटला पाहिजे, दाबावं लागत असेल तर ते पातं बोथट. पातं बदलल्यावर पुन्हा घोडीवर फिरवून बघा.

अलेघेनी_पार

शेवटचं विचारतो. दिव्याचे नॉक लावले तर चालतील का? आणि ५० यार्डांपर्यंत मारता येईल का? पुंजका तिथेही चार इंचांचाच आहे.

मोजपट्टी

नॉक चालतील, पण हाफ-मूनच, आणि सगळ्या बोल्टना. बॅटरीमुळे मागे वजन वाढतं, ते पुढच्या वजनाच्या उलट काम करतं, तोल एक-दोन टक्के मागे येईल. म्हणजे ते लावून पुन्हा पुंजका बघायचा, सीझनच्या आदल्या रात्री लावायचे नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेत उपकरणांचं पान एकदा बघून घ्या.

५० यार्डांचं उत्तर टार्गेटवर मिळत नाही. ५० यार्ड म्हणजे १५० फूट. बोल्टला ०.४ सेकंदांहून जरा जास्त लागतो, आवाज ०.१३ सेकंदांत पोचतो. हरणाला दचकून खाली बसायला पाव सेकंदापेक्षा जास्त मिळतो. ३० यार्डांवर हाच अवधी ०.१६ सेकंद आहे. सावध उभं असलेलं हरण तेवढ्यात अंग खाली टाकतं आणि बोल्ट फुप्फुसांवरून पाठीत लागतो. प्राणी जखमी होऊन निघून जातो. ३० ते ३५ यार्ड, हरण आडवं किंवा पाठमोरं तिरकं उभं, एवढ्यावर थांबा.

झाडावर चढताना बो ताणलेला नको, दोरीने नंतर वर ओढा. उतरण्याआधी बोल्ट काढा. बो उतरवायला सरावाचा ३ नंबर बरोबर ठेवा, १२५ चा फील्ड पॉइंट लावून, आणि जमिनीवर आल्यावर फोममध्ये किंवा मऊ मातीत तो मारून दोरी सोडा. टोक वर्तुळ काढत असलं तरी पाच पावलांवर फरक पडत नाही.